वांगंसुद्धा चालेल

आमच्याकडे रोगी खरा प्रश्न दारात विचारतो. तपासणी झालेली असते, छातीचा फोटो उजेडापुढे धरून पाहून झालेला असतो, गोळ्यांची पुडी पिशवीत गेलेली असते. तोवर तो "व्हय बाई, व्हय बाई" करत मान हलवत बसतो. मग उठतो, दारापर्यंत जातो, चपला पायात सरकवतो आणि उंबऱ्यावरून वळून म्हणतो, "बाई, पथ्य काय?"

माझी सगळी नोकरी औरंगाबादच्या एका सरकारी दवाखान्यात गेली, छातीच्या रोगांच्या ओपीडीत. शहराचं नाव आता बदललं आहे, पण मी ज्या गावात नोकरी केली ते औरंगाबाद होतं, म्हणून इथे तेच म्हणते. दगडी इमारत, पुढे मोठा कडुनिंब, आणि निंबाच्या पारावर पहाटेच्या एसटीनं आलेली माणसं भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली. आत आल्यावर मला डॉक्टर असं कुणी म्हणत नसे. बाई म्हणत. शाळेतल्या बाई आणि दवाखान्यातल्या बाई यांत गावाकडे फारसा फरक करत नाहीत. दोघीही रागावतात, आणि दोघींसमोर मान हलवून निघून जायचं असतं.

सुरुवातीची काही वर्षं मला त्या पथ्याच्या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. मी मुळातच तापट. इतका वेळ घसा कोरडा करून सांगितलं त्यातलं एक अक्षर विचारायचं नाही आणि जाता जाता वांगं चालेल का, चिंच चालेल का, दही चालेल का! नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. क्षयाच्या माणसाला पोटभर खायला हवं असतं, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक रोगी कुणा ना कुणाच्या पथ्यावर अर्धमेला होऊन आलेला असायचा. कुणाचं दूध तोडलेलं, कुणाचं तूप तोडलेलं, कुणी नुसत्या मुगाच्या पाण्यावर. मी उंबऱ्यावरच्या माणसाला मोठ्यानं सांगायचे, "काही पथ्य नाही. सगळं खा." तो जरा हिरमुसल्यासारखा व्हायचा आणि जायचा. हिरमुसायला काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. तेव्हा क्षयाचं औषध लांबलचक असे. सुरुवातीला रोज सुई, आणि गोळ्या तर वर्ष-दीड वर्ष. गंमत अशी, की पहिल्या एक-दोन महिन्यांतच खोकला थांबतो, ताप उतरतो, गालावर मांस दिसू लागतं, आणि रोग्याला वाटतं, झालं की आपलं काम. आत जंतू मेलेले नसतात, नुसते दबा धरून असतात. औषध सोडलं की ते दुप्पट जोरानं उठतात आणि मग तीच गोळी त्यांच्यावर चालत नाही. म्हणजे औषध देणं सोपं, ते शेवटपर्यंत घ्यायला लावणं अवघड. आणि ते करायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. होती ती फक्त जीभ.

जिभेबद्दल मला फार गर्व होता. वडील निजामाच्या काळात कचेरीत कारकून, उर्दू दप्तर सांभाळणारे. पोलीस ॲक्शननंतर दप्तर बदललं तरी घरात त्यांची उर्दू राहिली. त्यामुळे मला पुस्तकी मराठी, वडिलांची उर्दू, गल्लीतली दखनी आणि कॉलेजातली इंग्रजी अशा चारही भाषा येत. त्या येतात म्हणजे आपल्याला बोलता येतं, असं मी धरून चालले होते.

पहिला दणका एका हिमरू कापड विणणाऱ्या चाचांनी दिला. क्षय आहे की नाही हे पाहायला तोंडातली थुंकी उपयोगाची नसते, छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो. मी त्यांना अस्सल उर्दूत सगळं समजावलं आणि बाटली दिली. दुसऱ्या दिवशी चाचा आले, बाटली रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांनी पुढे धरून. बाटली उघडली आणि खोलीभर गुलाबाचा वास पसरला. "इत्ती बड़ी डाक्टरनी के हात में गंदी चीज कैसा देना?" चाचा म्हणाले. त्यांनी आधी स्वच्छ गुळण्या केल्या होत्या, मग बाटली गुलाबपाण्यानं विसळली होती आणि मग अगदी अदबीनं त्यात थुंकले होते. त्या बाटलीत जंतू सापडणं शक्यच नव्हतं. त्यानंतर मी स्वतः वाकून, छाती दाबून, खाकरून दाखवू लागले. व्हरांड्यातल्या रांगेतली माणसंही माझ्याबरोबर खाकरायची. पाहणाऱ्याला वाटावं, बाईंनाच आधी दाखल करा.

दुसरे एक हेडमास्तर होते. ते इंग्रजी पेपर वाचत, म्हणून त्यांना मी थोडक्यात सांगितलं. त्यांनीही थोडक्यात ऐकलं, कारण प्रश्न विचारणं हे विद्यार्थ्याचं काम. मी म्हणाले होते, "या गोळ्यांनी खोकला जाईल." त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला, की खोकला आला की गोळी घ्यायची. तीन महिन्यांनी आले तेव्हा मोठ्या अभिमानानं अर्धी पुडी परत केली. सरकारचं औषध वाचवलं म्हणाले. शिकलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं, हा माझा समज तिथे संपला.

पण हे सगळे हसून सोडून देण्यासारखे किस्से. मला बोलायला शिकवलं ते देवगाव रंगारीच्या गोदावरीनं, किंवा खरं तर तिच्या घरातल्या चुलीवरच्या वांग्यानं.

गोदावरी आली तेव्हा विशीची असेल. सोबत सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही म्हणत गेले. पागोटं, धोतर, हातात काठी, आणि काठीपेक्षा ताठ माणूस. सून खोकायला लागली की ते तोंड दुसरीकडे वळवायचे, पण हात मात्र तिच्या पाठीमागे धरून ठेवायचे, पडली तर सावरायला. तिच्या कडेवर पोर होतं, सात-आठ महिन्यांची मुलगी, मंदा. त्या काळात सुनेला असा खोकला लागला की बहुतेक घरं तिला माहेरी पोचवून मोकळी होत. हे घर तिला दवाखान्यात घेऊन आलं होतं, यावरून ते कसं होतं ते समजा.

खोकल्यातून रक्त पडलं होतं. फोटोत उजव्या फुप्फुसाच्या टोकाला छाया होती. पण बेडक्याचा तपास आणि फोटो दोन्ही पाहून मला मनातून हायसं वाटलं, कारण रोग वेळेत सापडला होता. ही मुलगी नीट औषध घेतलं तर खडखडीत बरी होणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. अडचण एकच. गावातल्या कुणीतरी तिचं सगळं खाणं तोडलं होतं. तूप नाही, दूध नाही, आंबट नाही, तेलकट नाही आणि वांगं तर नाहीच नाही. अंगावर पिणारं पोर, आत रोग, आणि ताटात कोरडी भाकरी. मनगटाची हाडं वर आली होती.

मी खवळले. त्या दिवशी मी माझं सगळ्यात चांगलं भाषण केलं. रोज सुई गावच्या दवाखान्यात घ्यायची, गोळ्या कधी घ्यायच्या, महिन्यानं परत यायचं, सगळं सांगितलं. मग उंबऱ्यावरून आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "आबा, पथ्यबिथ्य काही नाही. तिच्या मनाला येईल ते खाऊ घाला. दूध, अंडी, तूप, आंबट, गोड. वांगंसुद्धा चालेल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आले, आणि त्या ताठ माणसानं काठी भिंतीला टेकवून मला वाकून हात जोडले. मला वाटलं, कृतज्ञता. मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की आज एका म्हाताऱ्याला मी असं समजावलं की रडला बिचारा.

महिना झाला, गोदावरी आली नाही. आणखी काही दिवस गेले. आमच्याकडे शेख नावाचे हेल्थ व्हिजिटर होते. औषध सोडलेल्या रोग्यांना गावोगाव जाऊन शोधायचं, हे त्यांचं काम. त्यांची जीप कन्नड तालुक्यात, देवगावच्याच बाजूला जाणार होती. मी म्हणाले, मी पण येते. त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. शिवाय रागही होताच. इतकं चांगलं सांगूनही माणसं औषध सोडतात म्हणजे काय?

थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी निसवायला आलेली. देवगावात आम्ही दुपारी पोचलो. आबांचं घर सापडायला वेळ लागला नाही, कारण घरापुढे बैलगाड्या सोडलेल्या होत्या आणि आतून तळणाचा वास येत होता. अंगणात पाहुणे बसले होते. माहेरची माणसं, नणंदा, मावश्या, आणि कोपऱ्यात गोदावरीचा नवरा. पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शेखभाई माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, खाना देखे तो शादी लगती, सूरतां देखे तो मय्यत."

पडवीत गोदावरी वाकळेला टेकून बसली होती. अंगावर नवं लुगडं, केस विंचरलेले, कपाळाला मोठं कुंकू. समोर ताटात पुरणपोळी, शेवया, तुपाची वाटी. एक मावशी तिला घास भरवत होती आणि ती घास तोंडात धरून बसली होती. गाल पहिल्यापेक्षा आत गेले होते. मला पाहून ती उठायला लागली. मी पोर कुठे आहे विचारलं, तर मावशीनं नुसता पुढचा घास उचलला.

गोळ्यांची पुडी कोनाड्यात देवाशेजारी होती. मी बांधून दिलेला दोरासुद्धा सुटलेला नव्हता. पुडीवर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. सुई पहिले चार-दोन दिवस घेतली होती, मग बंद.

आता मात्र माझा आवाज चढला. सगळ्या पाहुण्यांसमोर मी आबांना विचारलं, औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद केलं.

आबा शांतपणे म्हणाले, "तुमच्याच की, बाई."

"मी? मी बंद करायला सांगितलं?"

"तोंडानं नाय सांगितलं. तुमी म्हनलात, काय बी खाऊ घाला. वांगं बी चालंल म्हनलात." त्यांनी अंगणातल्या मातीकडे पाहिलं. "जगनाऱ्या मान्साला वांगं कोन सोडतं, बाई? आमचा बाप गेला तवा वैद्यबुवा असंच म्हनले व्हते, आता आवडंल ते द्या. आमी समजायचं ते समजलो. पोरीच्या तोंडावर तुमी बोलला नाय, ह्यो तुमचा मोठेपना. मंग उगं त्या लेकराला सुया टोचून कामून हाल करायचे?"

हा अर्थ मला ठाऊक होता. चांगला ठाऊक होता.

मी मॅट्रिकला असताना वडील गेले. शेवटचे काही महिने त्यांना कडक पथ्य होतं, आंबट वर्ज्य. त्यांना खिचडीबरोबर चिंचेचा खट्टा जिवापाड आवडायचा, कचेरीतल्या दोस्तांच्या घरी लागलेली सवय. ते मागायचे आणि आई द्यायची नाही. एका संध्याकाळी डॉक्टरसाहेब तपासून गेले. दारात थांबून आईला एवढंच म्हणाले, "अब जो जी चाहे, दीजिए." आईला उर्दू फारशी कळत नसे. पण एवढं तिला कळलं. ती स्वयंपाकघरात गेली, डबा काढला आणि चिंच भिजत घातली. मी चुलीपाशी अभ्यास करत होते. तिनं चिंच भिजत घातलेली मी पाहिली आणि मला सगळं समजलं. कुणाला मला काही सांगावं लागलं नाही.

मुलगी म्हणून मला जे त्या एका वाटीवरून समजलं होतं, ते मी डॉक्टर झाल्यावर पार विसरले होते. आबा मात्र विसरले नव्हते. त्यांना माझा शब्द न् शब्द समजला होता. देवगावात, कन्नडात, आमच्या स्वतःच्या घरात त्या शब्दांचा जो अर्थ होतो, तोच त्यांनी घेतला होता.

मी गोदावरीजवळ जाऊन बसले. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "बाई, खरं सांगा. किती दिस?"

मी पुन्हा विचारलं, पोर कुठे आहे. तेव्हा कळलं, मंदाला एका नणंदेच्या गावी ठेवलं होतं. आईची सवय सुटावी म्हणून. गोदावरीनंच कबूल केलं होतं. ती म्हणाली, "आता मला वळखायची नाय ती." आणि मावशीनं भरवलेला घास तिनं कसाबसा गिळला. सासूनं इतक्या मायेनं केलं आहे, न खाऊन तिचं मन कसं मोडायचं, असं ती मला सांगत होती.

सासू म्हणजे समिंद्राबाई आत चुलीपाशी होती. निखाऱ्यावर एक मोठं वांगं भाजायला ठेवलं होतं आणि ती ते हातानंच उलटत होती. खोकला लागल्यापासून सुनेच्या ताटाजवळ तिनं वांगं फिरकू दिलं नव्हतं. पोरीला भरीत फार आवडतं, म्हणून शेवटी भरीत.

अशा वेळी काय बोलायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती बरी होईल, असं मी म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान हलवली असती आणि मनात म्हटलं असतं, चांगली बाई आहे, धीर देते. जंतूंचं सांगितलं असतं तरी तेच. अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मी उठले, आत गेले आणि जितक्या कडक आवाजात बोलता येईल तितक्या कडक आवाजात म्हणाले, "समिंद्राबाई, ते वांगं आधी खाली काढा. हिला वांगं बंद."

समिंद्राबाईचा हात निखाऱ्यावर तसाच थांबला.

"बंद?" आबा दारातून म्हणाले.

"बंद. औषध संपेपर्यंत वांग्याचा तुकडा तिच्या पोटात जाता कामा नये."

आबा पुढे आले. त्यांचा आवाज बदलला होता. "आन् आंबट?"

खरं तर आंबटाचा आणि क्षयाचा काही संबंध नाही. पण आबांचं तोंड पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "चिंच बंद."

"तेलातलं?"

"तळलेलं बंद. दूध, तूप, अंडी मात्र रोज. ती चुकवली तर मी परत येईन."

प्रत्येक "बंद"गणिक आबांची मान वर येत होती. अंगणात कुजबुज सुरू झाली. समिंद्राबाईनं ते अर्धं भाजलेलं वांगं चुलीतून काढून परातीत ठेवलं, पदरात तोंड घातलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. मावशीनं पुरणपोळीचं ताट हळूच मागे सरकवलं. गोदावरी एकदा सासूकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, ती जगणार आहे हे तिला त्या वांग्यानं सांगितलं, मी नाही.

मग मी खरं पथ्य सांगितलं. आता ते ऐकायला सगळं घर पुढे सरकून बसलं होतं. म्हटलं, वांगं एखाद वेळी चुकून पोटात गेलं तर मी माफ करीन, पण या औषधाचं मोठं पथ्य वेगळंच आहे. गोळी चुकवायची नाही. खोकला गेला तरी नाही, ताप गेला तरी नाही, अंगावर मांस चढलं तरी नाही. दुसरं पथ्य, उघड्यावर थुंकायचं नाही, राखेच्या डब्यात थुंकायचं आणि ती राख पुरून टाकायची. तिसरं, दाराखिडक्या उघड्या ठेवून झोपायचं. आणि पोरीला आजच घेऊन यायचं. तिला रोग लागू नये म्हणून आम्ही एक छोटी गोळी सुरू करू. पाजताना तोंडावर पदर घ्यायचा.

मी मग समिंद्राबाईला म्हणाले, उद्या शेजारीण विचारायला आली, बाई काय सांगून गेल्या, तर तुम्ही तिला काय सांगाल? तिनं डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. राखेचं सांगितलं, खिडक्यांचं सांगितलं, गोळीचं तर दोनदा सांगितलं. एक गोष्ट चुकली, पोर आणण्याची. पण ती सांगायची गरज नव्हती. गोदावरीच्या नवऱ्यानं तोवर सायकल बाहेर काढली होती.

परतताना जीपमध्ये शेखभाईंनी विचारलं, की बैंगन से सच्ची में कुछ होता क्या. मी म्हणाले, होतं.

त्यानंतर गोदावरी दर महिन्याला आली. कधी आबांबरोबर, कधी समिंद्राबाईबरोबर. शेवटची पुडी संपली आणि छातीचा फोटो स्वच्छ आला, तेव्हा ती उंबऱ्यावरून वळून म्हणाली, "बाई, आता वांगं?" मी म्हणाले, आता खा. समिंद्राबाईनं पिशवीतून डबा काढला. माझी परवानगी मिळणारच, अशा भरवशानं ती भरीत-भाकरी बरोबरच घेऊन आली होती. निंबाच्या पारावर बसून त्या सगळ्यांनी खाल्लं आणि मलाही वाढलं. मंदा तेव्हा पारावरून उड्या मारण्याएवढी झाली होती.

त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. दारातला प्रश्न मी खुर्चीत आणला. रोगी बसला की मीच आधी सांगायचे, "आता पथ्य ऐका." गोळी न चुकवणं हे पथ्य, राखेचा डबा हे पथ्य, तंबाखू सोडणं हे पथ्य. जे सल्ला म्हणून ऐकून सोडून देतात, ते पथ्य म्हटलं की माणसं जिवाच्या करारानं पाळतात. आणि उठायच्या आधी विचारायचे, "घरी गेल्यावर काय सांगाल?" समजलं का, असं मी पुन्हा कुणाला विचारलं नाही. त्याला सगळे व्हयच म्हणतात. व्हय म्हणजे समजलं असं नव्हे. व्हय म्हणजे बाई, एसटी चुकेल, सोडा आता. हर्सूलच्या एका गृहस्थांना मी विचारलं, घरी काय सांगाल, तर म्हणाले, "सांगतो की, बाई लई चांगल्या हायत, पन पंखा बंद हाय त्यांचा." मी त्यांना परत बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आमच्या विभागात शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे सांगायचे. काही जण हसायचे. एकानं तर विचारलं, मॅडम, हे फसवणं नाही का? वांग्याचं मी अजूनही छातीवर हात ठेवून बरोबर होतं असं म्हणणार नाही. नंतर कुणाला मी खोटं पथ्य दिलं नाही, खरीच पुरेशी असतात. पण त्या दुपारी माझ्याकडे दुसरे शब्द नव्हते, आणि असते तरी ते त्या घरात पोचले नसते. आज दवाखान्यात भिंतभर रंगीत पोस्टर आहेत, हातात देतात ती पत्रकं आहेत, मोबाइलवर संदेश येतात. चांगलं आहे. फक्त उंबऱ्यावर वळून विचारणाऱ्या माणसासाठी आता कुणाला वेळ नसतो, एवढं मला जाणवतं. तो पार नाही, तो कडुनिंबही नाही. त्या ओपीडीची मला फार आठवण येते, तिथल्या खाकरण्याची सुद्धा.

गेल्या पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला. जन्मभर दुसऱ्यांच्या छात्या ठोकल्या, आता माझी पाळी. खाजगी दवाखान्यातला डॉक्टर तरुण, हुशार, बोलायला गोड. सगळं त्यानं नीट सांगितलं, कॉम्प्युटरकडे बघत का होईना. मी उठले, दारापर्यंत गेले, चपला घातल्या. आणि काय झालं कुणास ठाऊक, वळून म्हणाले, "डॉक्टर, पथ्य काय?"

तो हसून म्हणाला, "काही नाही, आजी. या वयात कशाला पथ्य? आवडेल ते खा."

मला सगळं वैद्यक येत होतं. माझा फोटो मी स्वतः पाहिला होता, मी बरी होणार होते. तरी आईनं भिजत घातलेली चिंच डोळ्यांपुढे आली. मी परत आत गेले आणि खुर्चीत बसून त्याला म्हणाले, "काहीतरी बंद करा हो."

त्याला काही कळेना. पण पोरगा भला. विचारलं, काय बंद करू? मी म्हणाले, वांगं. त्यानं माझ्या समाधानासाठी चिठ्ठीवर लिहून दिलं. मी रिक्षात बसले ती हसतच.

गोदावरी अजून देवगावातच आहे. गुडघ्यांनी बेजार, पण छाती ठणठणीत. मंदा लग्न करून बजाजनगरला आली, नवरा वाळूजच्या कारखान्यात होता, आता तीही आजी झाली आहे. दर हिवाळ्यात आईच्या शेतातलं वांगं आलं की ती भरीत करून माझ्याकडे डबा आणते. यंदाही आली. डबा उघडून माझ्यापुढे ठेवला, लसणाच्या फोडणीचा वास सुटला. मी म्हणाले, "मंदे, मला वांगं बंद केलंय डॉक्टरांनी."

तिच्या आजीनं तिला ती गोष्ट कितीदा सांगितली असेल कुणास ठाऊक. मग तिनं सावकाश डब्याचं झाकण लावलं, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "बरं बाई. मग पुढच्या वर्षी आणते."